दहा भाग तांबं, एक भाग कथील

१९८२ च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रातले स्पंज काढणारा एक पाणबुड्या वर आला आणि त्याने सोबतच्यांना सांगितलं, की खाली धातूची बिस्किटं पडली आहेत आणि त्यांना कान आहेत. त्या वर्षांत पुरातत्त्वज्ञ या किनाऱ्यावरच्या गावोगाव फिरत, स्पंज काढणाऱ्यांना भेटत आणि बुडालेल्या जुन्या जहाजांच्या खुणा कशा ओळखायच्या ते समजावून सांगत. त्यामुळे कानवाल्या बिस्किटांची बातमी योग्य माणसांपर्यंत पोचली. काश या गावाजवळच्या उलुबुरुन नावाच्या भूशिराखाली, चाळीस ते साठ मीटर खोल उतारावर, सुमारे ३३०० वर्षांपूर्वी बुडालेलं एक मालवाहू जहाज पडलेलं होतं.

ते बाहेर काढायला १९८४ ते १९९४ असे अकरा हंगाम लागले. एवढ्या खोलीवर माणसाला एका वेळी जेमतेम वीस मिनिटं काम करता येतं. अशा बावीस हजारांहून जास्त बुड्या मारून जॉर्ज बास आणि जेमाल पुलाक यांच्या पथकाने जहाजातला माल तुकड्या-तुकड्याने वर आणला. त्यात निळ्या काचेच्या जाड चकत्या होत्या, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात होते, आफ्रिकेतलं काळं लाकूड होतं, बाल्टिक समुद्राकडचे अंबराचे मणी होते, सुगंधी राळेने भरलेले रांजण होते आणि इजिप्तची राणी नेफर्तितीचं नाव कोरलेली सोन्याची एक छोटी मुद्राही होती. पण जहाजाचा खरा माल वेगळा होता. सुमारे दहा टन तांबं आणि सुमारे एक टन कथील.

दहाला एक. ब्राँझ ओतायला हेच प्रमाण लागतं. समुद्राच्या तळाशी त्या काळातल्या ब्राँझची कृतीच जणू मांडून ठेवलेली सापडली.

या जहाजाने आणखी एक गोष्ट पुराव्यानिशी दाखवून दिली. ब्राँझ हा एका गावाचा, एका खोऱ्याचा किंवा एका राजाचा धातू कधीच नव्हता. एकमेकांची भाषा न येणारी माणसं हजारो किलोमीटरवरून एकमेकांना माल पाठवत राहिली, तेव्हाच ब्राँझयुग उभं राहिलं.

कथील मिळवायचं कुठून?

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. पितळ वेगळं, त्यात तांब्याबरोबर जस्त असतं. ब्राँझला ग्रंथांत कांस्य म्हणतात, आणि कथिलाचं प्रमाण बरंच वाढवलं की घरातल्या वाट्या-थाळ्यांचं कासं तयार होतं. कथील मराठी घरांना कल्हईमुळे ओळखीचं आहे. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा आणि पातेल्याच्या आतून झरझर पसरणारी ती चांदीसारखी चकाकी म्हणजेच कथील.

हा मऊ धातू २३२ अंश सेल्सिअसला वितळतो. तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात. दोन्ही धातू एकटे असताना नरमच. तांब्याच्या कुऱ्हाडीची धार लवकर बोथट होते आणि कथिलाची पट्टी तर हाताने वाकते. पण तांब्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील मिसळलं, की तयार होणारा धातू दोघांपेक्षाही कितीतरी कठीण असतो. शिवाय तो हजार अंशांच्या आसपासच पातळ होतो. निव्वळ तांबं वितळताना हवेतले वायू शोषून घेतं आणि थंड होताना त्यात पोकळ्या राहतात, त्यामुळे ओतीव वस्तू सच्छिद्र होते. कथील मिसळलेला रस साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यांत नीट शिरतो. धार टिकणारं हत्यार आणि नखशिखांत घडवलेली मूर्ती, दोन्ही या एका गुणामुळे शक्य झाली.

कथिलाच्या आधी माणसाने इतर वाटाही चोखाळल्या होत्या. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फाखाली सापडलेल्या आणि 'ओत्झी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या माणसाजवळ तांब्याची कुऱ्हाड होती. तो पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी जगला आणि त्याची कुऱ्हाड जवळजवळ शुद्ध तांब्याची आहे. त्याच सुमारास पश्चिम आशियात आर्सेनिक म्हणजे सोमल असलेलं तांबं वापरात होतं. त्यानेही तांबं कठीण होतं, पण तापवताना सोमलाचा विषारी धूर निघतो आणि त्याचं प्रमाण हातात राहत नाही. कथील मात्र तोलून घालता येतं. ओतारी ठरवील तेवढंच ते मिसळतं आणि दर खेपेला सारखाच धातू मिळतो.

अडचण एकच होती. तांब्याच्या खाणी बऱ्याच ठिकाणी आहेत, कथिलाच्या फार थोड्या. इंग्लंडचा कॉर्नवॉल, मध्य युरोपातले डोंगर, मध्य आशिया, आग्नेय आशिया ही कथिलाची मोठी ठिकाणं. भारतात छत्तीसगडमधलं बस्तर आणि हरियाणातलं तोशाम. पण जिथे पहिली मोठी शहरं उभी राहिली, त्या तैग्रिस-युफ्रेतिसच्या गाळाच्या मैदानात धड तांबंही नाही आणि कथीलही नाही. तरी तिथल्या उर शहरातल्या राजघराण्याच्या, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कबरींत ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. ते सगळं बाहेरून आलं होतं.

कसं आलं, याचा हिशेब मातीवर लिहिलेला आहे. तुर्कस्तानात कायसेरीजवळ कानेश नावाचं प्राचीन शहर होतं. तिथे राहणाऱ्या अश्शूरच्या व्यापाऱ्यांची सुमारे २३,००० मातीच्या पाट्यांची दप्तरं उत्खननात सापडली. ही पत्रं, पावत्या, करार आणि उधाऱ्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. अश्शूर शहर आजच्या इराकमध्ये, तैग्रिसच्या काठावर. तिथून गाढवांचे तांडे हजारेक किलोमीटर चालून कानेशला येत. एका गाढवावर सुमारे पासष्ट किलो कथील आणि वर कापडाचे गठ्ठे. कथील अश्शूरलाही पूर्वेकडूनच येई. कानेशला पोचेपर्यंत त्याचा भाव साधारण दुप्पट झालेला असे. कापड अश्शूरच्या बायका विणत. त्यांनी दूरदेशी राहणाऱ्या नवऱ्यांना लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत कापडाच्या किमती आहेत, पैसे वेळेवर न पाठवल्याच्या तक्रारी आहेत आणि घरखर्चाची काळजी आहे. ब्राँझयुग म्हटलं की डोळ्यांसमोर तलवारी आणि रथ येतात. ते युग चालवणाऱ्यांत मागावर बसलेल्या या बायकाही होत्या.

व्यापार आला की फसवणूकही आली. उर शहरात सापडलेली आणि आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली एक पाटी सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला ती लिहिली. चांगला माल देण्याचं कबूल करून तू हलकं तांबं समोर ठेवलंस आणि शत्रूच्या मुलखातून जीव धोक्यात घालून आलेल्या माझ्या माणसांना अपमान करून परत पाठवलंस, असा तिचा आशय आहे. यापुढे माल आपल्या अंगणात स्वतः निवडून घेईन, असंही नन्नी बजावतो.

एआ-नासिर तांबं आणत असे ते दिल्मुनहून, म्हणजे आजच्या बहारीनकडून. त्याच्याही काही शतकं आधी अक्कडचा राजा सार्गन याने आपल्या धक्क्याला दिल्मुन, मगन आणि मेलुह्हा या देशांची जहाजं लागतात, असं अभिमानाने नोंदवून ठेवलं. मगन म्हणजे ओमानचा तांब्याचा मुलूख. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

त्या सिंधू संस्कृतीची सर्वांत प्रसिद्ध वस्तू ब्राँझचीच आहे. १९२६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांना मोहेंजोदडोच्या उत्खननात मिळालेली ही मुलीची मूर्ती फक्त साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. कमरेवर एक हात, डाव्या दंडापर्यंत बांगड्याच बांगड्या, मान किंचित वर. तळहातावर मावेल एवढ्या या मूर्तीच्या उभं राहण्यात जो आत्मविश्वास आहे, तो साडेचार हजार वर्षांनंतरही पाहणाऱ्याला थांबवतो. सिंधूच्या शहरांतल्या तांब्याच्या वस्तूंपैकी थोड्यांतच कथील आढळतं. ते दुर्मीळ होतं आणि विचार करूनच वापरलं जाई.

साखळी तुटली तेव्हा

उलुबुरुनच्या जहाजातलं तांबं सायप्रस बेटावरचं होतं, हे त्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून कळलं. कथिलाचं कोडं मात्र बराच काळ सुटेना. २०२२ मध्ये संशोधकांच्या एका गटाने रासायनिक खुणा जुळवून असा निष्कर्ष मांडला, की त्यातलं सुमारे एक तृतीयांश कथील मध्य आशियातल्या, आजच्या ताजिकिस्तानातल्या मुशिस्तान खाणीतलं असावं आणि बाकीचं तुर्कस्तानच्या टॉरस पर्वतातलं. त्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि चर्चा चालू आहे. पण निष्कर्ष खरा ठरला, तर डोंगराळ मध्य आशियातल्या कुणा गुराख्याने खोदलेलं कथील तीन हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या भूमध्य समुद्रात बुडालं, असं म्हणावं लागेल. मधल्या वाटेवर ते किती हातांतून गेलं असेल!

ज्या वैभवाला इतके हात लागतात, ते कोसळायलाही वेळ लागत नाही. इ.स.पू. १२०० च्या आसपास काही दशकांत पूर्व भूमध्य समुद्राभोवतालचं जग ढासळलं. हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा ओस पडली, ग्रीसमधले मायसीनी राजवाडे जळाले, सिरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित हे भरभराटीचं बंदर उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा वसलं नाही. दुष्काळ, स्वाऱ्या, भूकंप, अंतर्गत बंडाळ्या अशी अनेक कारणं अभ्यासक मांडतात. व्यापाराचे मार्ग विस्कळीत झाले आणि पुढच्या शतकांत लोखंडाचा वापर वाढत गेला. सुरुवातीचं लोखंड ब्राँझपेक्षा सरस होतं, असंही नाही. पण त्याचा दगड जवळपास सगळीकडे मिळतो आणि त्यासाठी दूरच्या कथिलाची वाट पाहावी लागत नाही.

चीनचे मातीचे साचे

पिवळ्या नदीच्या खोऱ्यातल्या शांग राजांनी ब्राँझची वेगळीच परंपरा उभी केली. त्यांच्या ओताऱ्यांची मदार मातीच्या जोडसाच्यांवर होती. आधी भांड्याचा मातीचा नमुना करायचा, त्यावर ओल्या मातीचा थर दाबून त्याचे कापून भाग पाडायचे, आतल्या बाजूला नक्षी कोरायची आणि ते भाग भाजून पुन्हा जुळवायचे. आत गाभा बसवायचा आणि दोहोंमधल्या फटीत ब्राँझचा रस ओतायचा. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे भांड्यावर उभ्या कडा येतात. चिनी कारागिरांनी त्या कडा लपवल्या नाहीत, त्यांचीच नक्षी केली.

अन्यांगजवळ १९३९ मध्ये सापडलेलं 'होउमुवु' नावाचं चार पायांचं चौकोनी पात्र सुमारे ८३३ किलो वजनाचं आणि १३३ सेंटिमीटर उंच आहे. एका शांग राजाने आपल्या आईच्या स्मृतीसाठी ते घडवून घेतलं. असं पात्र ओतायचं म्हणजे कितीतरी मुशींतला रस एकापाठोपाठ एक, मध्ये खंड न पडता साच्यात जायला हवा. त्यासाठी शेकडो माणसांची शिस्त लागते. ते सापडलं तेव्हा चीनवर जपानी फौजांचं आक्रमण चालू होतं. गावकऱ्यांनी ते पुन्हा जमिनीत पुरलं आणि १९४६ मध्ये परत बाहेर काढलं. आज ते बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्याच अन्यांगमध्ये १९७६ मध्ये फू हाओ या राणीची न लुटलेली कबर मिळाली. तिने सैन्याचं नेतृत्व केलं, हे हाडांवर कोरलेल्या समकालीन लेखांवरून माहीत होतंच. कबरीत साडेचारशेहून जास्त ब्राँझच्या वस्तू निघाल्या.

पुढच्या काळात चिनी कारागिरांनी ब्राँझच्या आवाजावरही ताबा मिळवला. १९७८ मध्ये हूबेई प्रांतात झेंग राज्याच्या यी नावाच्या सरदाराच्या कबरीत ६५ घंटांचा संच सापडला. तो इ.स.पू. ४३३ च्या सुमाराचा आहे. या घंटांचा छेद गोल नसून बदामाच्या आकाराचा आहे. त्यामुळे एकाच घंटेवर मध्यभागी आघात केला की एक सूर निघतो आणि बाजूला आघात केला की दुसरा. संचाचा आवाका पाच सप्तकांहून जास्त आहे. धातूचं मिश्रण, घंटेची जाडी आणि आकार यांत थोडी चूक झाली तरी सूर हलतो. चोवीसशे वर्षांपूर्वी हे गणित पक्कं होतं आणि सुरांची नावं सोन्याने मढवलेल्या अक्षरांत घंटांवरच लिहिलेली आहेत.

समुद्राने राखलेले दोन योद्धे

ग्रीकांचं शिल्प म्हटलं की पांढरा संगमरवर आठवतो. पण त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या शिल्पकारांनी बरीचशी कामं ब्राँझमध्ये केली. संग्रहालयांतल्या अनेक संगमरवरी मूर्ती त्यांच्या रोमन काळातल्या नकला आहेत. मूळ ब्राँझं वितळवली गेली.

काही वाचली ती समुद्रामुळे. १९७२ मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाजवळ रिआचे गावासमोर पोहणाऱ्या एका हौशी पाणबुड्याला आठेक मीटर खोलीवर वाळूतून वर आलेला हात दिसला. तिथून पूर्ण आकाराचे दोन योद्धे निघाले, प्रत्येकी सुमारे दोन मीटर उंच, इ.स.पू. पाचव्या शतकातले. जवळून पाहिलं की लक्षात येतं, त्यांचे ओठ तांबड्या तांब्याचे वेगळे करून बसवले आहेत. एकाचे दात चांदीच्या पत्र्याचे आहेत. हातांच्या शिरा त्वचेखालून फुगलेल्या दिसतात. या मूर्ती आतून पोकळ आहेत आणि भाग-भाग ओतून जोडल्या आहेत. ब्राँझचं ताणबळ दगडाच्या कितीतरी पट, म्हणूनच त्यांचे हात शरीरापासून मोकळे, हवेत राहू शकतात.

भूमध्य समुद्राकडचं ब्राँझ महाराष्ट्रातही पोचलं होतं. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ मध्ये ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ती आणि रोमन घडणीच्या वस्तू होत्या. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून घाट चढून आलेला हा माल. ती मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचं वैभव आहे.

दायमाबादचा रथ

पण महाराष्ट्राचा या विषयातला मोठा ठेवा त्याहून जुना आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे झाडाची मुळं खणून काढताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार धातुशिल्पं मिळाली. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर आहे.

सर्वांत लांब शिल्प रथाचं, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटरचं. दोन बैल जुंपले आहेत, त्यांच्यामागे लांब दांडी, दांडीवर एक कुत्रा उभा आणि मागे हाकणारा पुरुष. त्याच्या उभं राहण्यात बैलगाडी हाकणाऱ्याचा सहज तोल आहे. दुसरा हत्ती, तिसरा गेंडा, चौथा रेडा. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या पाटाखाली आस बसवायची सोय आहे, पण त्याची चाकं मिळाली नाहीत. रेड्याने मान जरा वर केली आहे, जणू पाण्यातून बाहेर येताना कुणाची चाहूल लागली असावी. ही खेळणी नव्हेत, खेळायला ती फार जड आहेत. मिरवणुकीत ओढून नेण्यासाठी ती केली असावीत, असा तर्क अभ्यासक करतात.

यांना सगळे 'दायमाबादची ब्राँझं' म्हणतात. पण संशोधक डी. पी. अगरवाल यांनी धातूची तपासणी केली तेव्हा त्यात कथील मिळालं नाही. तांब्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक होतं. ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असं प्रमाण आढळत नाही, म्हणून अगरवाल यांनी ही शिल्पं बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असावीत असं मत मांडलं. उलट म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. साळी यांनी दायमाबादला अनेक हंगाम उत्खनन केलं आणि तिथे उत्तर हडप्पा काळाची वस्ती होती हे दाखवून दिलं. वाद मिटलेला नाही. वस्तू थरात सापडली असती, पुरातत्त्वज्ञांच्या देखत बाहेर निघाली असती, तर कदाचित तो उभाच राहिला नसता.

कारागिरीबद्दल मात्र वाद नाही. कथिलाची मदत नसताना तांब्याचा एवढा जड, भरीव ओत निर्दोष उतरवणं अतिशय अवघड आहे. प्रवरेकाठच्या त्या अनाम ओताऱ्याचा हात जगातल्या कुठल्याही ओताऱ्याच्या तोडीचा होता.

मेण जातं, मूर्ती उरते

मोहेंजोदडोची मुलगी आणि दक्षिणेतल्या चोळ राजांच्या काळातला नटराज, दोन्ही एकाच पद्धतीने घडले. या पद्धतीचं शास्त्रीय वर्णन कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' या ग्रंथात केलं आहे. कल्याणी म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेलगतचं आजचं बसवकल्याण.

आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्या पाठीला, मानेला मेणाच्या नळ्या जोडायच्या. मग जळलेला कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ घालून दगडावर वाटलेली माती तिच्यावर लिंपायची. पहिला थर पातळ, तो सावलीत वाळवायचा. मग दुसरा, मग जाड तिसरा. माती वाळली की तापवायची, मेण नळीवाटे निघून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत मुशीतला रस ओतायचा. मूर्तीसाठी किती धातू लागेल, हे मेणाच्या वजनावरून काढायचं. चांदी मेणाच्या बारापट, सोनं सोळापट. राजाच्या ग्रंथात भट्टीपुढच्या कारागिराचं गणित इतक्या बारकाईने उतरलेलं पाहून आदर वाटतो.

तंजावर जिल्ह्यातल्या स्वामिमलई गावात स्थपती आजही असंच काम करतात. नारळाच्या पानाची पट्टी मूर्तीच्या ठरलेल्या उंचीएवढी कापायची, तिला तालमानाप्रमाणे, म्हणजे मूर्तीच्या ठरलेल्या प्रमाणांप्रमाणे, घड्या घालायच्या आणि त्या घड्यांवरून चेहरा, छाती, मांडी, पाऊल यांची मापं घ्यायची. मेणात राळ आणि तेल घालून ते हाताला जमेल तेवढं घट्ट करायचं. पहिल्या थराला कावेरीचा बारीक गाळ, कारण तोच मेणावरच्या दागिन्यांची रेघन् रेघ पकडतो. धातू थंड झाला की साचा फोडायचा. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते, दुसरी हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात. मग कानस आणि छिन्नी घेऊन आठवडेच्या आठवडे काम चालतं आणि शेवटी डोळे कोरले जातात. २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमसमोर उभारलेला सत्तावीस फुटी नटराज याच गावच्या स्थपतींनी घडवला.

चोळांच्या काळात, विशेषतः दहाव्या शतकात राणी सेंबियन महादेवीच्या आश्रयाने, या कलेने जी उंची गाठली ती पुन्हा क्वचितच गाठली गेली. पाषाणाची मूर्ती गाभाऱ्यात राहते. उत्सवाला रस्त्यावर भक्तांमध्ये यायचं तर देव उचलता यायला हवा, म्हणून ब्राँझची उत्सवमूर्ती. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याच्या स्वाऱ्या दक्षिणेत पोचल्या, तेव्हा अनेक मूर्ती लपवण्यासाठी जमिनीत पुरल्या गेल्या. तामिळनाडूत शेत नांगरताना, मंदिराची दुरुस्ती करताना त्या अजून सापडतात.

घरातलं कासं

कथिलाचं प्रमाण दहावरून वीस-बावीस टक्क्यांवर नेलं की धातूचा स्वभाव बदलतो. तो गार असताना ठोकला तर तडकतो. म्हणून कासं लालबुंद तापवून ठोकायचं आणि घडवून झालं की पाण्यात बुडवून झटकन थंड करायचं. त्याने ते कमी ठिसूळ होतं. नागपूरजवळ माहूरझरीच्या महापाषाणकालीन दफनांतही असं भरपूर कथिलाचं ब्राँझ मिळालं आहे. केरळमधल्या आरन्मुळ्याचे कारागीर कथील तेहतीस टक्क्यांच्या आसपास नेतात आणि त्यातून चेहरा लख्ख दिसणारा धातूचा आरसा घडवतात.

मराठी घरांत कासं अजून आहे. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी, देवघरातली घंटा, वारकऱ्याच्या हातातले टाळ. टाळावर टाळ पडला की तो दीर्घ, थरथरत विरणारा नाद येतो, तो कथिलाच्या याच प्रमाणामुळे.

उरलं ते का उरलं

ब्राँझ सहज वितळतं आणि पुन्हा वापरता येतं. हाच त्याचा गुण आणि हीच त्याच्या इतिहासाची आपत्ती. युद्ध आलं की घंटांच्या तोफा झाल्या, टंचाई आली की मूर्तींची नाणी झाली. म्हणून प्राचीन जगातली जी मोठी ब्राँझं आज पाहायला मिळतात, त्यांतली बहुतेक बुडालेली, पुरलेली किंवा कबरीत ठेवलेली होती. न वितळवता आदराने पुन्हा वापरल्याची उदाहरणं थोडी. महाराष्ट्रात त्यातलं एक सुंदर उदाहरण आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा इकडे आल्या आणि मेणवली, भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर अशा देवळांत टांगल्या गेल्या.

आज घंटांच्या तोफा ओतल्या जात नाहीत, पण मोडीचा बाजार चालूच आहे. जुनी काशाची थाळी, टाळ, घंटा किलोच्या भावाने विकली जाते आणि भट्टीत जाते. घरात अशी वस्तू असेल तर ती कोणी घडवली, कुठल्या बाजारातून आणली, कोणाच्या लग्नात आली, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवावं आणि ती विकू नये. शेतात, पायाच्या खोदकामात काही सापडलं तर घासू नये, तोडू नये, जागेवरून हलवू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची जमिनीत सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. सापडलेल्या जागेची माहिती हरवली की वस्तूचा अर्धा इतिहास हरवतो, हे दायमाबादच्या वादाने दाखवून दिलेलं आहे. मुंबईला गेल्यावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादची शिल्पं आणि कोल्हापूरला गेल्यावर टाउन हॉलमधला पोसायडन मुलांना सोबत नेऊन जरूर दाखवावा.